पेंटबॉक्स : रंग उघडे, गणित झाकलेले

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रपटाचे तर रोजच होते. यंत्राचे मात्र आपण एक तर कौतुक करतो किंवा त्याची किंमत विचारतो. एखाद्या यंत्राने काय सोपे केले, काय अवघड केले आणि काय नजरेआड केले, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी तो मांडायला हवा. या लेखात तसा एक प्रयत्न आहे.

दूरचित्रवाणीवर बातम्या चालू असताना निवेदकाच्या खांद्यामागे एक चौकोनी चित्र दिसते. भूकंपाची बातमी असेल तर नकाशा, अर्थसंकल्पाची असेल तर नाण्यांची चळत. हे चित्र कोणी, कशाने आणि किती वेळात काढले, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही. ही चित्रे काढण्याची रीत ज्या यंत्राने मुळापासून बदलली, ते म्हणजे इंग्लंडमधील न्यूबरी येथील क्वांटेल कंपनीने १९८१ साली आणलेले ‘पेंटबॉक्स’. त्याचे मोठे यश हे, की त्याने चित्रकारापासून सगळे गणित झाकून ठेवले. त्याचा मोठा दोषही त्याच झाकणाखाली सापडतो.

पुठ्ठा, चिकट अक्षरे आणि लोहचुंबक

पेंटबॉक्सपूर्वी स्टुडिओतील चित्रविभाग एखाद्या छापखान्यासारखा दिसे. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरे चिकटवायची, तो पुठ्ठा स्टँडवर ठेवायचा आणि कॅमेरा त्याच्यावर रोखायचा. नकाशा हवा असेल तर तो हाताने रंगवायचा. बातमी संध्याकाळी आली, तर रंग वाळायलाही सवड नसे.

बीबीसीच्या हवामान वार्तापत्राचे उदाहरण बोलके आहे. १९७५ पासून तेथे लोखंडी पाठीच्या नकाशावर लोहचुंबकाची चिन्हे चिकटवली जात. ढग, ढगाखाली थेंब, ढगाआडून डोकावणारा सूर्य अशी ती चिन्हे मार्क ॲलन या तरुण संकल्पकाने तयार केली होती. निवेदक ती हाताने उचलून जागेवर लावी. कधी एखादे चिन्ह घसरे, कधी तिरके बसे. १९८५ मध्ये त्यांची जागा संगणकी चित्रांनी घेतली. त्याच बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर कार्यक्रमांच्या मधल्या वेळात दिसणारा फिरता पृथ्वीगोल हासुद्धा १९८५ पर्यंत खराखुरा, यंत्राने फिरणारा गोल होता. त्याच्या पाठीमागे आरसा होता. कॅमेरा ते दृश्य कृष्णधवल टिपत असे आणि रंग नंतर विद्युत मंडलातून भरला जाई.

या जुन्या साधनांचा एक गुण नोंदवून ठेवू, पुढे उपयोगी पडेल. चित्र कसे तयार झाले हे पाहणाऱ्याला समजत असे. चुंबकाचा ढग हा चुंबकाचा ढग आहे, हे लहान मुलालाही कळे.

पाटी आणि पेन

क्वांटेल हे नाव ‘क्वांटाइज्ड टेलिव्हिजन’ या शब्दांवरून घेतलेले आहे. त्याचा अर्थ आकड्यांत मोजून साठवलेले दूरचित्रण. १९७५ मध्ये या कंपनीने दूरचित्रवाणीची एक पूर्ण चौकट आकड्यांच्या रूपात साठवणारे उपकरण बाजारात आणले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात एका चित्राच्या कोपऱ्यात दुसरे लहान चित्र दाखवण्यासाठी ते वापरले गेले. चौकट साठवता येते, तर तिच्यातील आकडे हाताने बदलता का येऊ नयेत? पेंटबॉक्सचा जन्म या प्रश्नातून झाला.

चित्रकारासमोर फक्त तीन वस्तू असत : एक सपाट पाटी, तारेने जोडलेले एक पेन आणि समोर पडदा. पेन दाबले तसा फटकारा गडद किंवा रुंद होई. पेन पाटीच्या कडेबाहेर सरकवले की पडद्यावर निवडीची यादी येई. रंगांच्या तबकात पेनाने रंग कालवता येत. टंकफलकावर आज्ञा लिहाव्या लागत नसत. कात्री, डिंक, स्टेन्सिल, हवेच्या दाबाने रंग उडवणारा फवारा, या सगळ्यांची कामे एकाच पेनात आली होती.

ही मांडणी करताना संगणकतज्ज्ञांनी चित्रकाराच्या सवयींचा आदर केला, हे मान्य करायला हवे. डेव्हिड हॉकनी यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराने बीबीसीच्या १९८७ मधील एका मालिकेत या यंत्रावर चित्रे काढली, ती संगणकाचे शिक्षण न घेता. पडद्यावरचा रंग मागून येणाऱ्या प्रकाशाचा असतो, म्हणून हॉकनींना ते काचेवर रंगवण्यासारखे वाटले. चांगल्या साधनाची पहिली कसोटी ही, की जाणत्या माणसाचा हात त्याच्यावर अडखळत नाही. त्या कसोटीवर पेंटबॉक्स पूर्ण उतरते.

ठिपक्यांची रांगोळी

आता झाकण उघडू. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण आधी ठिपके मांडतो आणि मग रेषा व रंग. पेंटबॉक्सचे चित्रही ठिपक्यांचेच असते, पण तेथे रेषा नसतातच. प्रत्येक ठिपक्याला आकडे दिलेले असतात आणि ते आकडे हेच चित्र.

किती ठिपके? १९८२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ६२५ रेषांच्या दूरचित्रवाणीत दिसणारे चित्र ७२० आडव्या आणि ५७६ उभ्या ठिपक्यांचे असते. (आपल्याकडची दूरचित्रवाणीही याच ६२५ रेषांच्या पद्धतीची होती.) गुणाकार केला तर ४,१४,७२० ठिपके होतात. प्रत्येकाच्या उजेडासाठी एक बाइट लागतो. रंगासाठी दोन आकडे लागतात, पण ते आडव्या ओळीत एकाआड एक ठिपक्यालाच दिले जातात. आपल्या डोळ्याला उजेडातील बारकावे जितके कळतात तितके रंगातील कळत नाहीत, म्हणून ही काटकसर खपून जाते. तेव्हा सरासरीने ठिपक्यामागे २ बाइट, म्हणजे एका चौकटीला ८,२९,४४० बाइट. सेकंदाला २५ चौकटी पडद्यावर पाठवायच्या, म्हणजे सेकंदाला २ कोटींहून अधिक बाइट.

१९८१ मध्येच आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला. त्याची मूळ स्मृती १६ किलोबाइट होती. पेंटबॉक्सची एक चौकट ठेवायला तशी पन्नासहून अधिक यंत्रे लागली असती. तेव्हा पेंटबॉक्सची किंमत अडीच लाख डॉलरच्या आसपास होती, याचे नुसते आश्चर्य करून चालणार नाही. या कामासाठी खास मंडले बांधावी लागत होती. कंपनीवर टीका करताना हा भाग तिच्या बाजूने मांडायलाच हवा.

एक चतुर्थांशाचा कुंचला

यंत्राचा खरा जीव त्याच्या फटकाऱ्यात होता. साध्या पद्धतीने ठिपक्याचा जुना आकडा पुसून नवा लिहिला, तर रेषेच्या कडा जिन्यासारख्या दातेरी दिसतात. खऱ्या कुंचल्याची कड मऊ असते, कारण कडेला रंग कमी लागतो आणि खालचा कागद थोडा दिसत राहतो. हे आकड्यांत आणायचे सूत्र असे :

नवा आकडा = जुना आकडा + क × (रंगाचा आकडा − जुना आकडा)

येथे ‘क’ हा ० ते १ यांमधील अपूर्णांक. समजा, पार्श्वभूमीचा उजेड ४० आहे आणि कुंचल्यातील रंगाचा २००. कुंचल्याच्या मध्यभागी क = १, म्हणून तेथे २०० उमटेल. थोडे बाहेर क = ३/४, तेथे १६०. त्यापुढे १/२ ला १२०, १/४ ला ८० आणि कुंचल्याबाहेर ४० तसाच. २००, १६०, १२०, ८०, ४० असा उतार तयार झाला. डोळ्याला तो मऊ कडेसारखा दिसतो. पेनावरचा दाब वाढला की ‘क’ वाढवायचा, एवढेच.

सातवी-आठवीतला विद्यार्थी हे गणित करू शकतो, कारण ही केवळ भारित सरासरी आहे. पण त्यात एक गंमत दडलेली आहे. क = १/४ घेऊन त्याच ठिपक्यावरून कुंचला पुन्हा पुन्हा फिरवा. ४० चे ८० होतात, मग ११०. पुढचे उत्तर १३२.५ येते, पण यंत्रात पूर्णांकच ठेवता येतो. अपूर्णांक सोडून द्यायचा असे ठरवले, तर आकडे १३२, १४९, १६१, १७० असे चढत जातात आणि अखेर १९७ वर येऊन थांबतात. तेथे फरक ३ उरतो, त्याचा चतुर्थांश पाऊण आणि पाऊण सोडून दिला की शून्य. मग हजार वेळा कुंचला फिरवला तरी २०० येत नाही. उलट, उजळ भाग काळ्या रंगाने पुसू पाहिला तर ३ हा आकडा उरतोच. पुसलेल्या चित्राची पुसट सावली मागे राहते. रंगपेटी बनवणाऱ्या प्रत्येकाला या अडचणीशी झगडावे लागले आहे. आकडे साठवायला दोन-चार बिट जास्त दिले की ती आवाक्यात येते.

वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते. चित्रकाराच्या दृष्टीने हा गुणच. पण वापरणाऱ्याच्या सोयीसाठी झाकलेली गोष्ट पुढे मालकीसाठी झाकलेली गोष्ट होऊ लागते, आणि तेथे आपला आक्षेप सुरू होतो.

हजेरी क्रमांकांची सरासरी

पेंटबॉक्स ही पहिली रंगपेटी नव्हे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये ‘सुपरपेंट’ हे यंत्र चालू केले होते. त्यातही पाटी, पेन आणि पडद्यावरची निवड होती. अमेरिकी अवकाश संस्थेच्या १९७८ मधील पायोनिअर व्हीनस मोहिमेची चित्रे त्यावर तयार झाली. शुक्राकडे जाणाऱ्या यानांची माहिती लोकांना समजावण्यासाठी रंगपेटी वापरली गेली, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे.

सुपरपेंटमध्ये सुमारे तीन लाख ठिपके होते आणि प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे एका वेळी २५६ रंग. पण ठिपक्यात साठवलेला आकडा हा रंगाचे माप नव्हता. तो रंगांच्या यादीतील क्रमांक होता. येथे मऊ कड अडते. वर्गातील १० आणि ३० या हजेरी क्रमांकांची सरासरी २० येते. पण २० क्रमांकाच्या मुलाची उंची त्या दोघांच्या मधली असेलच असे नाही. तसेच, यादीतील १० वा रंग लाल आणि ३० वा पांढरा असला, तरी २० वा गुलाबी असेल याची खात्री नाही. सरासरी मापांची काढता येते, नावांची नाही. संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण अवश्य वापरावे.

ही अडचण न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दूर झाली. ॲल्व्ही रे स्मिथ यांनी १९७७ मध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा यांसाठी ८-८, असे एकूण २४ बिट देऊन रंगपेटी लिहिली. आकडे मापांचे झाले, म्हणून सरासरी काढता आली आणि मऊ कडांचा कुंचला मिळाला. पेंटबॉक्स बाजारात येण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट.

न्यायालयातील सरासरी

क्वांटेलने आपल्या पद्धतींवर पेटंटे घेतली होती. स्वस्त रंगपेटी विकणाऱ्या स्पेसवर्ड या लहान ब्रिटिश कंपनीवर तिने दावा लावला आणि १९९० च्या सुमारास तो जिंकला. मग तिने अमेरिकेत ॲडोबी कंपनीवर, तिच्या फोटोशॉपवरून, दावा लावला. १९९७ मध्ये त्याचा निकाल लागला. शूप आणि स्मिथ यांचे जुने काम ज्यूरीपुढे आले. स्मिथ यांनी स्वतः साक्ष दिली. ज्यूरीने क्वांटेलची पेटंटे टिकणारी नाहीत असे ठरवले. शूप, स्मिथ आणि टॉमस पोर्टर यांना १९९८ मध्ये रंगपेट्यांच्या आद्य कामासाठी अमेरिकी चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या प्रकरणाचे दोन अर्थ लावता येतात. एक असा, की कल्पना अनेकांची असली तरी ती रोज सहा वाजताच्या बातम्यांना न चुकता उभी राहील असे यंत्र क्वांटेलने बांधले, आणि बांधणीचेही मोल असते. हे खरे आहे. सुपरपेंट प्रयोगशाळेत राहिले, पेंटबॉक्स स्टुडिओत गेले. पण दुसरा अर्थ मला अधिक वजनदार वाटतो. मंडले कशी जोडली यावर हक्क सांगणे वेगळे आणि दोन आकड्यांमधील उतारावर हक्क सांगणे वेगळे. पहिल्यात कारागिरी आहे. दुसरे शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असते. मधली काही वर्षे ही सीमारेषा धूसर राहिली. झाकण बंद होते, म्हणून आत काय नवे आणि काय जुने हे फार थोड्यांना ठरवता येत होते.

चित्र जाणते किती, दाखवते किती?

दुसरा आक्षेप पडद्यावर काय दिसले याबद्दल आहे. मऊ कडा, चकाकी, सावल्या, अर्धपारदर्शक पट्ट्या, हे सगळे एका फटकाऱ्यावर मिळू लागल्यावर ते सर्वत्र दिसू लागले. नाण्यांच्या चळतीवर चकाकी आली, पण अर्थसंकल्प अधिक समजला का? आकडे दाखवणारा स्तंभ तिरका, फुगीर आणि चमकदार झाला की त्याची उंची मोजणे उलट अवघड होते. जे सोपे, ते केले जाते. साधनाची ही ओढ ओळखून तिला आवर घालणे हे वापरणाऱ्याचे काम. ते अनेकदा झाले नाही.

आता लोहचुंबकाच्या ढगाकडे परत येऊ. तो ढग ओबडधोबड होता, पण प्रामाणिक होता. ‘या भागात पाऊस संभवतो’ एवढेच तो सांगत असे. त्याची कड जिल्ह्याची हद्द नव्हे, हे प्रत्येकाला कळे. त्याऐवजी गडद निळ्यापासून फिकट निळ्यापर्यंत उतरत जाणारा पट्टा नकाशावर काढला, की प्रेक्षकाला वाटते हा उतारही मोजलेला आहे. वास्तविक तो उतार ‘क’ ने निर्माण केलेला असू शकतो. दोन केंद्रांवर पाऊस मोजला, मधली जागा कुंचल्याने भरली. मऊ कड चित्रकलेत गुण आहे, पण विज्ञानाच्या चित्रात ती एक विधान होऊन बसते.

नव्या यंत्रांनीही हा धडा पुन्हा गिरवला. २००५ च्या मे महिन्यात बीबीसीने हवामानाचा नकाशा त्रिमितीत आणला. प्रेक्षक जणू दक्षिणेकडून आकाशातून बेटावर पाहत आहे, अशी ती रचना. जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसणार, हा यथार्थदर्शनाचा साधा नियम. त्यामुळे इंग्लंडचा दक्षिण भाग ऐसपैस आणि उत्तरेचा स्कॉटलंड आक्रसलेला दिसू लागला. स्कॉटलंडमधून तक्रारी आल्या आणि नकाशाचा कल बदलावा लागला. यंत्र बिघडले नव्हते, त्याचे गणितही बिनचूक होते. या चित्राने काय सांगायचे आहे, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नव्हता. हवामानाच्या नकाशाने ठिकाणांची तुलना करू दिली पाहिजे, आणि तुलनेसाठी सर्वांना सारखे माप लागते.

आपल्यापुरता निष्कर्ष

पेंटबॉक्सला गुण द्यायचे तर हाताळणीला मी पूर्ण गुण देईन, बांधणीला जवळजवळ पूर्ण आणि खुलेपणाला फार थोडे. पेंटबॉक्ससारखी स्वतंत्र यंत्रे मागे पडली. क्वांटेल हे नावही २०१५ मध्ये बदलले गेले. ‘क’ चे सूत्र मात्र आता प्रत्येक मोबाइलच्या छायाचित्रांत बसले आहे, आणि पेटी पूर्वीपेक्षा घट्ट बंद झाली आहे. तेव्हा अडीच लाख डॉलर नाहीत म्हणून आत पाहता येत नव्हते. आता सगळे हातात असूनही आत पाहण्याची इच्छा होत नाही.

ती इच्छा वर्गात जागी करता येते, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही. चौकटीची वही घ्यावी. दहा बाय दहा चौकोनांत सगळीकडे ४० लिहावे. मुलांनी पाच चौकोन रुंदीचा एक कुंचला ठरवावा, त्याचे ‘क’ लिहावेत आणि एक फटकारा आकड्यांत ओढावा. मग पेन्सिलीने आकड्यांनुसार छटा भरावी. मोठ्या मुलांनी १९७ वर अडकणारे गणित स्वतः करून पाहावे आणि ‘क’ बदलला तर अडकण्याची जागा कोठे जाते ते शोधावे. नंतर वर्तमानपत्रातील एखादा हवामानाचा नकाशा किंवा रंगीत आलेख समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा : यातला कोणता भाग मोजलेला आहे आणि कोणता रंगवलेला?

हा प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी पडद्यावरच्या चित्राने सहज फसणार नाही. रंगपेटी बनवणाऱ्यांना जे झाकावे लागले, ते उघडून दाखवणे हे आपले काम आहे. वहीचे एक पान आणि एक तासिका त्याला पुरेशी आहे.